दफ्तराची नित्य नक्कल

संगणकातील कागदपत्रांची नक्कल वेळच्या वेळी काढून ठेवावी, हे तत्त्व अमान्य करणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. परंतु ते आचरणात आणणारे मात्र शोधावे लागतात. एखाद्या स्नेह्याची हार्ड डिस्क अकस्मात बंद पडून त्याचे कित्येक वर्षांचे लेखन बुडाल्याची वार्ता कानी आली, की पुढचा पंधरवडाभर मनुष्य रोज संध्याकाळी मोठ्या निष्ठेने बाहेरची डिस्क जोडतो, फायली तीवर उतरवतो आणि निश्चिंत होतो. मग मध्येच गणपती येतात, घरी पाहुणे उतरतात, आणि दिवाळीपर्यंत ती डिस्क कोणत्या कपाटात ठेवली होती तेही त्याला आठवेनासे होते. याबद्दल त्याची निर्भर्त्सना करण्यात अर्थ नाही. जे काम रोज, त्याच क्रमाने आणि कसल्याही बुद्धिविनियोगाशिवाय करावयाचे असते, ते माणसाच्या स्मरणावर सोपवणे हेच मुळात गैर असून, असले काम यंत्राच्या गळ्यात बांधण्याची सोय चाळीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.

प्रस्तुत लेखात लिनक्सवर चालणारा संगणक गृहीत धरला आहे. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती ई-कोर्ट्‌स प्रकल्पाच्या निमित्ताने आपल्याकडील न्यायालयांतही वापरात आली आहे. तेव्हा उदाहरणादाखल तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या एखाद्या गृहस्थांची कचेरी आपण डोळ्यांपुढे ठेवू. वादपत्रे, कैफियती, मृत्युपत्रांचे मसुदे, पक्षकारांनी आणून दिलेल्या सातबारा-फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती, असे सारे दफ्तर एका संगणकात आहे आणि तो गेला तर कचेरीच गेली, अशी स्थिती आहे. आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रापुढे मात्र त्या रोमन लघु अक्षरांत टंकावयाच्या आहेत.

लागणारी साधने तीन, आणि तिन्ही फुकट मिळणारी. पहिले साधन म्हणजे शेल, ज्याच्यापुढे आपण आज्ञा टंकतो आणि ज्याला त्याच आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून दिल्या असता तो त्या क्रमाने पार पाडतो. अशा फाइलीलाच शेल-स्क्रिप्ट म्हणतात. दुसरे आरसिंक, आर-एस-वाय-एन-सी, जे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले आणि जे दोन ठिकाणच्या फायली ताडून पाहून बदललेल्या तेवढ्याच उतरवते. तिसरे क्रॉन, जे ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा चालवते. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ते होते, आणि आज लिनक्सवर आढळणारे त्याचे अनेक अवतार पॉल विक्सी यांच्या १९८७ च्या लेखनावरून उतरलेले आहेत. इतकी जुनी हत्यारे कशाला, असे कोणी विचारील. माझे मत असे की, नक्कल ठेवण्याच्या कामी नावीन्याची हौस बाळगू नये.

नक्कल कशाची काढावयाची, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. लिनक्स पुन्हा बसवता येते, कार्यक्रम पुन्हा उतरवून घेता येतात. आपण स्वतः निर्माण केलेले आणि इतरत्र न मिळणारे जे काही आहे, तेवढेच जपावयाचे. वकीलसाहेबांच्या बाबतीत हे सर्व ‘डॉक्युमेंट्स’ या एका फोल्डरात मावते. हिशेबाचा किंवा पक्षकारांच्या नोंदींचा एखादा डेटाबेस अखंड चालू असेल, तर त्याची फाइल तशीच उचलून चालत नाही, कारण अर्धे लिहून झालेले पान उचलले जाण्याचा संभव असतो. डेटाबेसाबरोबर मिळणाऱ्या त्याच्या स्वतःच्या निर्यातीच्या आज्ञेने आधी एक स्वतंत्र फाइल काढून घ्यावी आणि त्या फाइलीची नक्कल करावी.

नक्कल उतरवावयाची ती बाहेरच्या डिस्कवर. बाजारातून आणलेली डिस्क बहुधा विंडोजच्या सोयीने, एक्सफॅट किंवा एनटीएफएस या पद्धतीने आखलेली असते. ती रिकामी असतानाच ईएक्सटी-४ पद्धतीने पुन्हा आखून घ्यावी, कारण पुढे ज्या ‘हार्ड लिंक’च्या युक्तीचा आपण आश्रय घेणार आहोत ती एक्सफॅटवर मुळीच चालत नाही. दुसरी खबरदारी अशी की, उबुंटू बाहेरची डिस्क आपोआप जोडून घेते ती आपण पडद्यापुढे बसून प्रवेश केल्यानंतर. क्रॉन मात्र कोणी बसले आहे की नाही याची वाट पाहत नाही. म्हणून ‘एफस्टॅब’ या फाइलीत त्या डिस्कची कायमची नोंद करून ती ‘एमएनटी’खाली ‘नक्कल’ नावाच्या फोल्डराच्या जागी जोडली जाईल अशी तजवीज करावी, आणि त्याच नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द घालण्यास विसरू नये; अन्यथा एखाद्या सकाळी डिस्क जोडलेली नसली तर संगणक सुरू होतानाच अडून बसेल. डिस्क जोडल्यावर तिची मालकी आपल्या नावे करून घेतली, म्हणजे पुढील सर्व व्यवहार प्रशासकीय अधिकारांवाचून होतो.

आता प्रत्यक्ष स्क्रिप्ट. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅश या शेलचा पूर्ण पत्ता लिहावा; दुसऱ्या ओळीत ‘सेट’ आणि त्यापुढे उणे-यू, ज्यायोगे एखाद्या चलाचे नाव लिहिताना अक्षर चुकले असता शेल ते रिकामे समजून पुढे न जाता तेथेच थांबतो. त्यानंतर मूळ फोल्डराचा आणि नकलेच्या जागेचा पूर्ण पत्ता दोन चलांत भरून ठेवावा. फायलींना आणि फोल्डरांना देवनागरी नावे खुशाल द्यावीत, परंतु बॅशला चलांची नावे रोमनच लागतात. आणि चल जेथे जेथे वापरावयाचा तेथे तेथे तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, कारण ‘जोशी विरुद्ध कुलकर्णी’ अशा मधे मोकळी जागा असलेल्या नावाचे शेल एरवी तीन तुकडे करतो.

यापुढची ओळ मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि घाईने लिहिलेल्या स्क्रिप्टांत नेमकी तीच नसते. बाहेरची डिस्क ज्या फोल्डराच्या जागी जोडली जाते, तो फोल्डर डिस्क नसतानाही अस्तित्वात असतोच. फक्त तेव्हा तो आतल्या डिस्कवरील एक रिकामा फोल्डर असतो. डिस्कची वायर कोणी झाडताना काढून ठेवली आणि स्क्रिप्ट नेमाने चालत राहिली, तर ती वकीलसाहेबांचे दफ्तर त्याच डिस्कवर, त्याच पेटीत, शेजारच्या फोल्डरात उतरवते आणि काम यथासांग झाल्याचे कळवते. फोल्डरावरील मालकीच्या निर्बंधाने हे कधी टळते, कधी टळत नाही. त्यावर विसंबू नये. ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा उणे-क्यू देऊन त्या पत्त्यावर चालवावी, म्हणजे तेथे खरोखर काही जोडले आहे किंवा कसे हे कळते. नसेल तर स्क्रिप्टने तक्रार नोंदवून अपयशाचा संकेत देत बाहेर पडावे. पहिली नक्कल संपण्यापूर्वीच दुसरी सुरू होऊ नये यासाठी ‘एफलॉक’ ही आज्ञा आहे; तिचा एक चरण येथेच घालावा.

मग आरसिंकची ओळ. तिला उणे-ए हा पर्याय दिला, म्हणजे पोटफोल्डर, तारखा, परवानग्या सर्व जशाच्या तशा उतरतात. मूळ फोल्डराच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ द्यावी की न द्यावी, यावर नवशिक्यांची हटकून फसगत होते : रेघ दिली तर फोल्डरातील मजकूर उतरतो, न दिली तर मजकुरासह तो फोल्डरच नकलेच्या आत एक पायरी खाली जाऊन बसतो. आपण रेघ द्यावयाची. दोन उणे चिन्हांपुढे ‘डिलीट’ असा एक पर्याय आहे, जो मूळ ठिकाणी नाहीशा झालेल्या फायली नकलेतूनही काढून टाकतो. पुष्कळ ठिकाणी तो डोळे मिटून सुचवला जातो, आणि एकाच नकलेवर रोज काम चालले असता त्याचा परिणाम असा होतो की, चुकून खोडलेली कैफियत दुसऱ्या दिवशी दुपारी नकलेतूनही खोडली जाते. अशी नक्कल डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते, माणसाचा हात चुकल्यास पडत नाही. आणि हात चुकण्याचे प्रसंगच अधिक.

यास्तव रोजची नक्कल रोज स्वतंत्र फोल्डरात ठेवावी. जागेची चिंता नको, कारण आरसिंकचा ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय त्यासाठीच आहे : त्याला आदल्या दिवसाच्या नकलेचा पत्ता दिला, की न बदललेल्या फायली तो पुन्हा उतरवत नाही, तर डिस्कवर असलेल्या त्याच मजकुराला नव्या फोल्डरात आणखी एक नाव देतो. दफ्तर ४० गिगाबाइटांचे आणि रोज २०० मेगाबाइटांचा बदल होत असेल, तर तीस दिवसांच्या तीस पूर्ण दिसणाऱ्या नकला सुमारे ४६ गिगाबाइटांत बसतात. एरवी त्यांना १,२०० लागले असते. त्यांतील कोणतीही जुनी नक्कल काढून टाकली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, कारण शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत मजकूर डिस्कवरून हलत नाही. मात्र एक पथ्य आहे. नकलेतील फाइल तेथेच उघडून तिच्यात दुरुस्ती करू नये. एकाच मजकुराला तीस तारखांची नावे असल्यामुळे ती दुरुस्ती तीसही दिवसांना लागू होण्याचा धोका असतो. ‘लिंक-डेस्ट’ला पत्ता द्यावा तो मुळापासून पूर्ण, अर्धवट पत्ता दिला तर तो नकलेच्या नव्या फोल्डरापासून मोजला जातो, युक्ती लागू पडत नाही आणि महिनाभरात डिस्क भरते.

आपल्याकडे नकलेच्या मध्यावर वीज जाणे ही काही असंभाव्य गोष्ट नव्हे. म्हणून आरसिंकने प्रथम ‘अपूर्ण’ नावाच्या फोल्डरात काम करावे (आदल्या वेळचा तसाच राहिलेला असल्यास तो आधी काढून टाकावा), आणि काम निर्वेध पार पडल्यानंतरच ‘एमव्ही’ या आज्ञेने त्याचे नाव बदलून तारखेचे करावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो. तारखेपुढे तास-मिनिटेही जोडावीत, कारण एकाच दिवशी दोनदा नक्कल घेतली आणि त्या तारखेचा फोल्डर आधीच असला, तर ‘एमव्ही’ नाव न बदलता नवी नक्कल जुनीच्या पोटात घालून मोकळी होते. शेवटी ‘ताजी’ नावाची खूण नव्या फोल्डराकडे वळवावी, जिचा पत्ता उद्या ‘लिंक-डेस्ट’ला मिळेल. ती वळवणाऱ्या ‘एलएन’ या आज्ञेला एस, एफ आणि एन ही तिन्ही अक्षरे द्यावीत. एन राहिले तर खूण वळत नाही, कालच्या नकलेत एक निरर्थक नोंद मात्र वाढते.

स्क्रिप्ट लिहून झाली की ‘सीएचमॉड’ने तिला चालण्याची परवानगी द्यावी, आरसिंकला उणे-एन आणि उणे-व्ही लावून एक कोरडी फेरी काढावी, जिच्यात काय घडले असते एवढेच तो सांगतो आणि करत काहीच नाही, आणि मग पहिली खरी नक्कल स्वतः समोर बसून काढावी. तिला काही तास लागू शकतील.

वेळ नेमण्यासाठी ‘क्रॉनटॅब’ आणि उणे-ई अशी आज्ञा द्यावी. ई टंकताना सावध असावे : कळफलकावर त्याच्या लगतच आर आहे, आणि उणे-आर ही आज्ञा नेमलेली सर्व कामे, खात्री करून न घेता, एका क्षणात पुसून टाकते. उघडलेल्या फाइलीत प्रत्येक कामाची एक ओळ असते. तीत मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार या क्रमाने पाच रकाने आणि त्यांच्यापुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता येतो; जेथे बंधन नको तेथे तारा लिहावा. रात्री दोनची वेळ लिहिण्याचा प्रघात चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरांवरून आलेला आहे. वकीलसाहेबांचा संगणक रात्री बंद असतो, आणि हुकलेली वेळ क्रॉन मागाहून भरून काढत नाही. म्हणून सोमवार ते शनिवार दुपारी दीड, ही जेवणाच्या सुटीची वेळ त्यांना अधिक मानवेल, आणि ती लिहावयाची तर ३०, १३, तारा, तारा, १-६ अशी. संगणक केव्हा चालू असेल याचा काहीच नेम नसेल, तर ‘अ‍ॅनाक्रॉन’ किंवा सिस्टम-डीचा टायमर ‘पर्सिस्टंट’ या पर्यायासह वापरावा. हुकलेले काम ते संगणक सुरू होताच उरकून घेतात.

टर्मिनलात बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट क्रॉनखाली नेमकी अडते, हा अनुभव बहुतेकांना येतो, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. क्रॉन आपल्या नेहमीच्या मांडणीची फाइल वाचत नाही. कार्यक्रम शोधावयाच्या जागांची त्याची यादी अगदी आखूड असते, म्हणून आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहावेत. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाला त्याच्या लेखी निराळाच अर्थ आहे, तेव्हा तारखेची जुळणी त्या ओळीत न करता स्क्रिप्टच्या आत करावी. मराठी वाचकांस विशेष जाणवणारी अडचण आणखी एक : क्रॉनखाली भाषेची मांडणी बहुधा ठरलेली नसते, आणि उतरलेल्या फायलींची यादी आरसिंककडून नोंदवहीत घेतली असता ‘मृत्युपत्र’ या नावाच्या जागी उलट्या रेघांची, हॅशांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ दिसते, एकट्या ‘म’ बद्दल ३४०, २४४ आणि २५६ असे तीन आकडे येतात, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. फायलींची नावे वस्तुतः जशीच्या तशी उतरलेली असतात, दिसण्यापुरताच तो घोळ आहे. उणे-८ हा पर्याय दिला की नोंदवही वाचनीय होते.

आणि आता नोंदवहीविषयीच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याने रात्रीच्या धांदलीत भलत्याच सर्व्हरवर आज्ञा देऊन मुख्य डेटाबेसाचा फोल्डर रिकामा केला. सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी हात आवरेपर्यंत साडेचार उरले होते. नकला शोधू जाता असे दिसून आले की, रोज निघावयाची डेटाबेसाची निर्यात कित्येक दिवस निघतच नव्हती, कारण निर्यातीचा कार्यक्रम ९.२ या आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी तक्रार करून बंद पडत होता. ती तक्रार क्रॉन इमानाने टपालाने पाठवत होते; परंतु ते टपाल अधिप्रमाणित नाही म्हणून ज्याच्याकडे पाठवले तो सर्व्हर ते नाकारत होता. अन्य कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत निघाली, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने ही सर्व हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे.

यातून आपल्यापुरती जी व्यवस्था करावयाची ती अशी. क्रॉनच्या टपालावर भिस्त ठेवू नये. घरगुती उबुंटूवर टपाल वाहणारा कार्यक्रमच बहुधा बसवलेला नसतो आणि क्रॉन ती तक्रार सरळ टाकून देते. स्क्रिप्टने आपला सर्व मजकूर, नेहमीचा आणि चुकीचा दोन्ही, एका नोंदवहीत जोडत जावा. आणि आरसिंकचा निर्गमांक तपासून, सर्व चरण पार पडले असतील तरच, एका वेगळ्या लहानशा फाइलीत त्या दिवसाची तारीख लिहावी. शून्य हा अंक यशाचा. २४ चा अर्थ नक्कल चालू असताना काही फायली मूळ जागेवरून नाहीशा झाल्या एवढाच, तो यशात धरावा. २३ म्हणजे काही फायली उतरल्याच नाहीत, तो धरू नये. मग बॅशच्या आरंभीच्या फाइलीत अशी एक ओळ घालावी की, टर्मिनल उघडताच ती तारीख समोर यावी आणि ती तीन दिवसांहून जुनी असल्यास ठळकपणे यावी. टर्मिनल क्वचितच उघडणाऱ्यांनी हीच तपासणी सत्राच्या आरंभी चालणाऱ्या कार्यक्रमांत टाकून पडद्यावर सूचना आणवावी. अपयश कळवण्याची व्यवस्था स्वतःच बंद पडू शकते. यशाची तारीख पुढे सरकली नाही ही गोष्ट मात्र काहीही बंद पडले तरी दिसते.

जुन्या नकला मुदतीनंतर काढून टाकण्याचे कामही स्क्रिप्टवरच सोपवावे, पण येथे एक खाचखळगा आहे. तीस दिवसांहून जुने फोल्डर ‘फाइंड’ या आज्ञेला एम-टाइमवरून शोधावयास सांगावे, असा सल्ला सर्रास मिळतो. परंतु उणे-ए या पर्यायामुळे आरसिंक मूळ फोल्डराची बदलाची तारीखही नकलेच्या फोल्डरावर उतरवतो. मूळ फोल्डराच्या वरच्या पायरीत दोन महिन्यांत नवे काही पडले नसेल, तर आज दुपारी काढलेली नक्कलही दोन महिन्यांची जुनी ठरते आणि निघताक्षणीच पुसली जाते. म्हणून मुदत मोजावी ती फोल्डराच्या नावातील तारखेवरून. रोजच्या तीस नकला आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या नकला वर्षभर, एवढा संग्रह वकिलीच्या कामाला पुरेसा आहे. दाव्यांची मुदत ज्यांना अधिक वाटते त्यांनी मासिक नकला आणखी राखाव्यात.

महिन्यातून एकदा नकलेतील चार-दोन फायली, त्यांतली एक तरी जुन्या तारखेची, निराळ्या फोल्डरात परत उतरवून उघडून पाहाव्यात. आरसिंक एरवी फाइलीचा आकार आणि तारीख जुळली की ती न बदललेली मानतो, मजकूर वाचत नाही; वर्षातून दोनदा त्याला उणे-सी, उणे-एन आणि उणे-व्ही हे तीन पर्याय देऊन ताज्या नकलेशी ताडून पाहावे, म्हणजे डिस्कवर गुपचूप खराब झालेला मजकूर उघडकीस येतो. यास वेळ फार लागतो. रविवारी लावून द्यावे.

राहता राहिला प्रश्न एकाच खोलीत संगणक आणि नक्कल या दोहोंच्या वास्तव्याचा. चोरी झाली तर चोर दोन्ही नेतो, पाणी शिरले तर दोन्ही भिजतात, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा कार्यक्रम संगणकात शिरला तर जोडलेली डिस्कही तो सोडत नाही. याकरिता डिस्का दोन घ्याव्यात, दोहोंना एकच रोमन लेबल द्यावे आणि ‘एफस्टॅब’मधील नोंद त्या लेबलाच्या नावे करावी, म्हणजे कोणतीही जोडली तरी स्क्रिप्टमध्ये अक्षरही बदलावे लागत नाही, प्रत्येक डिस्कवर तिची स्वतःची ‘ताजी’ खूण असल्यामुळे नकलांची मालिकाही आपापली चालू राहते. दोन्ही एकाच वेळी मात्र जोडू नयेत. शनिवारी अदलाबदल करून एक डिस्क भावाकडे किंवा विश्वासू स्नेह्याकडे ठेवावी, आणि पक्षकारांची गुपिते तीत असल्यामुळे ती लक्स पद्धतीने कूटबद्ध केलेली असावी. तसे करावयाचे तर डिस्क उघडण्याची नोंद ‘क्रिप्टटॅब’ या फाइलीत निराळी करावी लागते, आणि परवलीचे वाक्य कागदावर लिहून पाकिटात घालून ठेवावे लागते. ते पाकीट कचेरीतही नको आणि डिस्क ज्या घरी ठेवली त्या घरीही नको.